१ मे, बडोदं : ऊन, कैऱ्या आणि दोन रविवार

बडोद्यात १ मेला सूर्य साधारण सहा वाजून पाच मिनिटांनी उगवतो आणि सात वाजून तीन मिनिटांच्या सुमारास मावळतो. म्हणजे जवळजवळ तेरा तासांचा दिवस. पारा चाळिशीला टेकलेला, हवा कोरडी, आकाशात ढगाचं नाव नाही. ज्या कामांना कोरडं, खणखणीत ऊन लागतं ती उरकायला याहून चांगला काळ नाही. जूनमध्ये हवेत दमटपणा चढला की वाळवण, छुंदा (कैरीच्या किसाचं उन्हात मुरवलेलं गोड-तिखट लोणचं) आणि माठ तिन्ही हात टेकतात.

याच तारखेला तिकडे महाराष्ट्र दिन, इथे गुजरात स्थापना दिन आणि सगळीकडे कामगार दिन. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत सकाळपासून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या शुभेच्छा येऊ लागतात आणि शेजारी गुजरातच्या शुभेच्छा देतात. पण खास बडोद्याचा म्हणावा असा जो १ मे आहे तो या तिन्हींत नाही. त्याच्याकडे दुपारी वळू. सकाळची कामं ऊन चढायच्या आत व्हायला हवीत.

आधी माठ. नवा माठ आणला की तो आतून-बाहेरून नुसत्या पाण्याने धुवायचा, काथ्याने हलका घासायचा आणि काठोकाठ भरून चोवीस तास ठेवायचा. ते पहिलं पाणी झाडांना घालायचं. साबण किंवा भांड्यांची पावडर अजिबात लावायची नाही. मातीच्या छिद्रांत ती शिरते आणि कितीतरी दिवस पाण्याला वास येत राहतो. माठ पाणी गार करतो ते झिरपलेलं पाणी वाळून उडतं म्हणून. दहा लिटर पाणी दहा अंशांनी उतरवायचं तर एक लाख कॅलरी उष्णता काढावी लागते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते साधारण ५८० कॅलरी घेऊन जातं. हिशेबाने पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर पाणी उडालं की काम झालं. प्रत्यक्षात भोवतालची तापलेली हवा तीच उष्णता सारखी परत देत असते, म्हणून रोज याहून बरंच जास्त पाणी झिरपतं. माठातलं पाणी संध्याकाळी दोन बोटं खाली गेलेलं दिसलं तर तो गळतोय असं समजू नये, तो काम करतोय.

यावरून माठ कुठे ठेवायचा ते आपोआप ठरतं. सावलीत, पण वाऱ्याच्या वाटेवर. घडवंचीवर, म्हणजे बुडालाही हवा लागेल. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून, प्लॅस्टिकच्या ताटलीत बसवलेला माठ निम्म्या अंगानेच काम करतो. ओलं फडकं गुंडाळायचं तर ते सुती हवं आणि सतत ओलं राहायला हवं. वाळलेलं फडकं माठाला उलट पांघरूण होतं. तेलकट हात लावू नयेत. बोअरचं जड पाणी भरत असाल तर बाहेरून पांढरा थर धरतो आणि छिद्रं बुजतात. तो थर लिंबाच्या सालीने आणि काथ्याने निघतो, पण आतल्या छिद्रांत बसलेला क्षार निघत नाही. म्हणून जड पाण्याचा माठ एका हंगामानंतर बदललेला बरा. रंग किंवा वॉर्निश मारलेला माठ दिसायला देखणा असतो, पण त्याच्याकडून गार पाण्याची अपेक्षा ठेवू नये.

बडोद्याला माठात भरायला नळाचं पाणी मिळालं ते आजव्यामुळे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९२ मध्ये पूर्ण झालेला हा तलाव शहराच्या पूर्वेला, शहरापेक्षा उंचावर आहे. तिथून पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने शहरात यावं अशी त्याची आखणी होती. त्याआधी सगळी मदार विहिरींवर आणि वावांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, होती.

मग कैऱ्या. छुंद्याला राजापुरीच हवी. एकेक कैरी अर्ध्या किलोच्या पुढची, गर भरपूर, दोरे कमी. सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या पंचविशीनिमित्त १९०६ साली बांधलेल्या खंडेराव मार्केटच्या परिसरात या दिवसांत तिचे ढीग लागलेले असतात. घेताना एखादी कापून दाखवायला सांगावं. गर पांढरट आणि कडक हवा. पिवळसर झाक आली असेल तर ती पाडाला लागलेली आहे. तिचा कीस होत नाही, लगदा होतो. सालं आणि कोय जाऊन एक किलो कीस हवा तर दीड किलो कैऱ्या घ्याव्यात. किसणी मोठ्या भोकांची, आणि कैरी लांबीच्या बाजूने, लांब हात मारून किसायची. आखूड तुकडे पाकात विरून जातात.

एक किलो किसाला ३५ ग्रॅम मीठ आणि एक चमचा हळद लावून तीन तास झाकून ठेवायचं. पाणी सुटेल. काही घरांत कीस पिळून ते पाणी टाकतात. छुंदा त्याने लवकर होतो खरा, पण आंबटपणाही त्या पाण्याबरोबर जातो आणि मागे नुसता गोड मुरांबा उरतो. मी पिळू नये या मताची आहे.

आता साखर, आणि इथेच बहुतेक छुंदे बिघडतात. छुंदा टिकतो तो साखरेच्या दाटपणावर. शंभर ग्रॅम छुंद्यात साखर आणि इतर विरघळलेले घन पदार्थ मिळून निदान पासष्ट ते अडुसष्ट ग्रॅम असले तर बुरशी आणि यीस्ट यांना त्यातलं पाणी मिळत नाही. कैरीत स्वतःचे घन पदार्थ फार थोडे, किलोमागे सव्वाशे-दीडशे ग्रॅमच, बाकी पाणी. त्यामुळे किलोभर किसाला दीड किलो साखर घातली तर मिश्रण पहिल्याच दिवशी पासष्टच्या आसपास असतं, आणि उन्हात जेमतेम शंभर ग्रॅम पाणी उडालं की पुरे. सव्वा किलो घातली तर साधारण सव्वादोनशे ग्रॅम उडायला हवं. साखर कमी खायची म्हणून एकास एक घेतली तर साडेतीनशे ग्रॅम. एकास एकचा छुंदा अशक्य नाही, पण त्याला ऊन जास्त दिवस लागतं आणि तो सव्वा किलोवाल्याच्या दिवसांच्या हिशेबाने बरणीत भरला की पंधरा दिवसांत फसफसतो. माझ्या मते सव्वा किलो हे चवीचं आणि टिकाऊपणाचं चांगलं माप आहे.

याचा व्यवहारातला उपयोग असा, की तारेच्या अंदाजावर विसंबण्यापेक्षा वजन करावं. पातेलं रिकामं असताना एकदा वजन करा आणि भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. साखर पूर्ण विरघळल्यावर भरलेलं वजन करा. मग तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी. सव्वा किलो साखरेचा छुंदा सुरुवातीला सव्वादोन किलोच्या थोडा वर असतो. तो दोन किलो चाळीस-पन्नास ग्रॅमवर आला की झाला. घरात आता डिजिटल काटा असतोच, तो केकपुरता का ठेवायचा?

पातेलं स्टीलचं, पसरट. मिश्रणाचा थर दोन इंचांहून जाड नको, नाहीतर वरचं आटतं आणि खालचं तसंच राहतं. तोंडाला पातळ मलमल ताणून बांधायची. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून त्यात पाट किंवा वीट ठेवायची आणि तिच्यावर पातेलं. रोज सकाळी कोरड्या चमच्याने तळापासून ढवळायचं. ऊन उतरलं की पातेलं घरात आणायचं, आणि रात्री त्यावर झाकण ठेवायचं नाही, मलमलच राहू द्यायची. तापलेल्या छुंद्यावर झाकण ठेवलं की वाफ झाकणाला धरते, तिचे थेंब खाली पडतात, वरचा पातळसा थर पाणचट होतो, आणि बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. कोरड्या कडक उन्हात सात ते दहा दिवस लागतात. ढगाळ दिवस मोजणीत धरायचा नाही.

तार बघायचीच असेल तर सकाळी, मिश्रण गार असताना बघावी. दुपारी उन्हात तापलेला पाक पातळ असतो, त्याला तार येत नाही, आणि मग माणूस उगाच आणखी दोन दिवस ठेवतो. दोन तारी झालेला छुंदा महिन्याभरात बरणीत साखर धरतो. एक तार धरली की पुरे. शेवटच्या संध्याकाळी, पूर्ण गार झाल्यावर, तीन मोठे चमचे रंगाचं तिखट आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या जिऱ्याची जाडसर पूड मिसळायची. तिखट आधी घातलं तर उन्हाने त्याचा रंग उडून छुंदा विटकरी होतो. गॅसवर अर्ध्या तासात होणारा छुंदाही असतो, पण साखर तापून त्याला तपकिरी झाक आणि पाकाचा वास येतो. उन्हातल्या छुंद्याचा एकेक दोरा काचेसारखा आरपार दिसतो.

पुढे कधी बुडबुडे दिसले आणि आंबूस, दारूसारखा वास आला तर पाणी जास्त राहिलं असं समजावं. अगदी सुरुवात असेल तर मंद आचेवर उकळी आणून, आटवून तो लगेच संपवता येतो. बुरशी दिसली तर मात्र वरचा थर काढून खाली ठीक आहे असं म्हणू नये, सगळा टाकावा.

पातेलं गच्चीवर कुठे ठेवायचं, हेही बघण्यासारखं आहे. बडोद्यात १ मेला सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, सोळा अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि तितकाच उत्तरेकडे सरकून मावळतो. हिवाळ्यात उत्तरेच्या ज्या खोलीत उन्हाची तिरीपही येत नाही तिथे आता सकाळ-संध्याकाळ ऊन शिरतं. तिथली ‘गार खोली’ मेमध्ये गार राहत नाही त्याचं हेच कारण. दुपारी सूर्य माथ्यापासून फक्त सात-सव्वासात अंश दक्षिणेला असतो, त्यामुळे मीटरभर उंचीच्या कठड्याची सावली जेमतेम तेरा सेंटिमीटर पडते. चार वाजता तीच सव्वा मीटरच्या जवळ जाते, पाच वाजता दोन मीटर. म्हणजे पश्चिमेच्या कठड्याजवळ ठेवलेलं पातेलं साडेतीनलाच सावलीत गेलेलं असतं आणि दिवसाचे दीड तास बुडतात. ते पूर्वेच्या कठड्यापाशी सरकवून ठेवा.

सावली सगळ्यात आखूड होते ती मात्र बाराला नाही, बारा चौतीसला. आपली घड्याळं ८२.५ रेखांशावरची वेळ दाखवतात, बडोदं ७३.२ वर आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने आपण सदतीस मिनिटं मागे. मेच्या सुरुवातीला सूर्य सरासरीपेक्षा तीन मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की चौतीस. ही भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची. मुंबईने मात्र तिच्याहून एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली आपली मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. गच्चीवर ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी आणि खडू असेल तर मुलांना हे एका दुपारी दाखवता येतं. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची, आणि सगळ्यात आखूड सावलीवरून काढलेली रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. बडोदं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी काठीला सावलीच नसते, पण जुलैत ढग असतात, तेव्हा जूनचाच दिवस साधावा.

आता दुपार, आणि तो बडोद्याचा १ मे.

१ मे १९४९ हा रविवार होता. त्या दिवशी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. गायकवाडांनी १७३४ मध्ये हे शहर हाती घेतलं ते कायमचं, म्हणजे दोनशे पंधरा वर्षांचं राज्य त्या रविवारी संपलं. हे राज्य नकाशावर एकसंध नव्हतंच. बडोदा प्रांत इथे, कडी प्रांत, ज्याचा पुढे मेहसाणा झाला, तो उत्तरेला, नवसारी दक्षिणेला, अमरेली सौराष्ट्रात, आणि द्वारकेचं ओखामंडळ थेट समुद्राच्या टोकाला. अमरेलीच्या माणसाला आपल्या राजधानीला यायचं तर मध्ये परक्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागत. तरीही याच विखुरलेल्या राज्याने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला, मुलींसकट.

विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल १९४९ ला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आलं. राज्य उद्या संपणार आणि आज विद्यापीठ उभं राहतंय. सयाजीराव तोवर जाऊन दहा वर्षं झाली होती, पण बडोदा कॉलेजपासून चालत आलेलं काम संस्थानाने आपल्या नावाने पूर्ण करून मगच दप्तर मिटलं. मला हा बडोद्याच्या इतिहासातला सगळ्यात अभिमानाचा दिवस वाटतो. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी. संविधान सभेच्या सदस्य, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम पुरुषांपुरतं राहू नये म्हणून ठाम उभ्या राहिलेल्या.

त्यांचे पती डॉ. जीवराज मेहता. जन्म १८८७, अमरेली, म्हणजे बडोदा संस्थानातच. पेशाने डॉक्टर, आणि सप्टेंबर १९४८ पासून बडोद्याचे दिवाण. विलीनीकरणापर्यंतचा कारभार त्यांच्या हातचा. पुढे ते मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० ला, गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. एकाच माणसाच्या आयुष्यातले हे दोन १ मे ओळीने ठेवले की बडोद्याची गोष्ट सरळ दिसते.

१ मे १९६० हाही रविवारच. साधं वर्ष वार एकाने पुढे नेतं, लीप वर्ष दोनाने. अकरा वर्षांचे अकरा, आणि १९५२, १९५६, १९६० या लीप वर्षांचे तीन, एकूण चौदा, म्हणजे बरोबर दोन आठवडे. १ नोव्हेंबर १९५६ ला जन्मलेलं मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य त्या दिवशी दोन झालं. सव्वीस जिल्ह्यांचा महाराष्ट्र, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. सतरा जिल्ह्यांचा गुजरात, त्याचं उद्घाटन साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते. महाराष्ट्रात या दिवसामागे हुतात्मा चौकाचं रक्त आहे, गुजरातमध्ये इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात चळवळीचं. दोन्हीकडची माणसं त्यात मेली आहेत, हे शुभेच्छा पाठवतानाही लक्षात असावं.

बडोद्यावर याचा परिणाम काय झाला ते कोर्टाच्या पायऱ्यांवरून कळतं. १८९६ च्या न्यायमंदिराच्या शहरात संस्थानाचं स्वतःचं वरिष्ठ न्यायालय होतं. अपील इथेच चाले. १९४९ नंतर अपिलाला मुंबई गाठावी लागली. १ मे १९६० ला गुजरात उच्च न्यायालय स्थापन झालं आणि वाट अहमदाबादकडे वळली. अकरा वर्षांत एकाच घरच्या दाव्याला तीन शहरं बघायला लागू शकली असती. राजधानीचंही तेच: बडोदं, मुंबई, अहमदाबाद.

इथल्या मराठी माणसाने १ मेला ‘आपण पलीकडे राहिलो’ अशी चुटपुट लावून घेणं मला पटत नाही. बडोद्याची मराठी महाराष्ट्रातून तुटून पडलेली नाही. महाराष्ट्र नावाचं राज्य व्हायच्या कितीतरी आधीपासून ती इथे स्वतःच्या पायावर उभी आहे. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये भरलं, तिन्ही वेळा संस्थानात. त्यानंतर थेट २०१८ मध्ये. मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत इथली मराठी घरं गुजराती शाळेत शिकली, गुजरातीत दुकानं चालवली आणि घरात मराठी बोलत राहिली. शहराची सेव-उसळ त्यातूनच घडली असावी असं मानायला मला आवडतं: खाली आपली उसळ, वर त्यांची शेव. तेव्हा शुभेच्छा महाराष्ट्राच्या द्याव्यात, गुजरातच्याही द्याव्यात, आणि घरातल्या मुलांना १९४९ चा रविवारही सांगावा, कारण तो त्यांना शाळेत कुणी सांगत नाही.

कामगार दिनाचं थोडक्यात. शिकागोतल्या १८८६ च्या आठ तासांच्या कामाच्या लढ्याची ही आठवण. भारतात तो पहिल्यांदा १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार यांनी साजरा केला.

चारच्या सुमाराला पन्हं. कैऱ्या सालासकट, भांड्यात पाणी न घालता, कुकरमध्ये दोन शिट्ट्यांवर उकडायच्या. गर चाळणीतून काढून मोजायचा. वाटीभर गराला सव्वा वाटी चिरलेला गूळ, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा वेलदोड्याची पूड. गर कोमट असतानाच गूळ घातला की तो न शिजवता विरघळतो. पितळेच्या बिनकल्हईच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे करू नये, आंबट गर धातू खातो आणि पन्हं कळकतं. हा बलक फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. एका भागाला चार भाग माठाचं पाणी. मिठात कंजुषी करू नये, घामावाटे गेलेलं परत मिळवायचं तर गुळाइतकंच त्याचंही काम आहे. शेजारच्या घरात हाच पदार्थ बाफलो म्हणून होतो, त्यात वेलदोड्याऐवजी भाजलेलं जिरं आणि संचळ, म्हणजे काळं मीठ. खऱ्या उकाड्यात मला बाफलो जास्त मानवतो.

ऊन कललं की कीर्तिमंदिरापर्यंत चालत जावं. सयाजीरावांनी १९३६ मध्ये घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेल्या या वास्तूत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, त्यांतलं गंगावतरण सावकाश बघण्यासारखं. बाहेर आल्यावर मान वर करून शिखर बघा. त्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, आणि पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. १९३६ चा नकाशा तो; पुढे अकरा वर्षांनी तो जुना झाला.

पलीकडे विश्वामित्री वाहते. शहराच्या मधोमध मगरी बाळगणारी ही नदी. या दिवसांत काठाच्या मातीत मगरींची अंडी पुरलेली असतात. मादी उन्हाळ्याच्या तोंडावर खड्डा खणून ती घालते आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी हे मातीच्या उष्णतेवर ठरतं: साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, त्याहून गार घरट्यात माद्या. म्हणून काठावरची झुडपं आणि सावली नदी ‘स्वच्छ’ करण्याच्या नावाखाली सरसकट काढून टाकणं बरं नव्हे. आणि या काळात मादी घरट्याची राखण करते, तेव्हा काठाशी उतरू नये.

रात्री साडेआठला गच्चीवर गेलं तर मघा जवळजवळ डोक्यावर असते. उत्तरेला सप्तर्षी उंच चढलेले. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढत नेला की पूर्वेला स्वाती आणि आणखी पुढे आग्नेयेला चित्रा. ध्रुव क्षितिजापासून बावीस अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या किंचित वर. मृग पश्चिमेला खाली गेलेला असतो आणि साडेनऊच्या सुमारास मावळतो. रोज तो चार मिनिटं लवकर जातो, त्यामुळे मे संपेपर्यंत संधिप्रकाशात बुडून दिसेनासा होतो. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तो जूनच्या सात-आठ तारखेला. पापड, कुरडया, छुंदा यांची मुदत तेवढीच. छुंद्याला दहा उन्हं लागतात, मध्ये दोन-चार दिवस ढगांत जातात हे धरलं, तर कैऱ्या २० मेच्या आत किसून झाल्या पाहिजेत.